चेक इंजिनचा दिवा परत परत लागतोय? पान्याआधी वही काढा

आमची गाडी २०१४ सालची आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. आठवडाभर बायको ती सिंहगड रस्त्यावरून हडपसरला नेते, आणि शनिवार-रविवारी मी साताऱ्याला. चार महिने घरात एकच वाद चालला होता. तिचं म्हणणं, पिवळा दिवा लागलाय. मी सोमवारी सकाळी बघावं तर दिवा गायब. "तू चालवलीस की लागतो," असं मी एकदा म्हणून बसलो आणि त्याची किंमत मोजली.

मधल्या काळात गाडी दोनदा गॅरेजला गेली. पहिल्यांदा स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला दोषाचा नंबर, उडवला, पाचशे रुपये. दुसऱ्यांदा, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू." बदलला. अकराव्या दिवशी दिवा परत हजर.

दोष निघाला भलतीकडेच. तो पुढे सांगतोच. पण मला तिथवर पोहोचवलं ते दिवा कधी लागतो आणि कधी विझतो याच्या नोंदीने, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दिवा लागतो कसा, विझतो कसा

बहुतेक दोष पहिल्यांदा दिसले की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दिवा लावत नाही. दोष 'पेंडिंग' म्हणून मनात ठेवतो. पुढच्या फेरीतही (गाडी चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) तोच दिसला तर कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. मग लागोपाठ तीन फेऱ्या दोष दिसला नाही, तर साधारणपणे दिवा आपोआप विझतो. कोड मात्र मेमरीत राहतो. इंजिन गार अवस्थेतून पूर्ण गरम होण्याच्या सुमारे ४० फेऱ्या निर्दोष गेल्या की तोही पुसला जातो.

आमच्या घरचं भांडण इथेच मिटलं. ती रोज सिग्नलवर उभी असायची, दोष दिसायचा, दिवा लागायचा. मी शुक्रवारी रात्री साताऱ्याला, शनिवारी तिथल्या तिथे, रविवारी परत. तीन चांगल्या फेऱ्या, दिवा बंद. दोघंही खरं बोलत होतो. आणि त्यातच निदानाचा पहिला धागा होता: दोष उभ्या गाडीत येतो, हायवेला येत नाही.

म्हणून दिवा परत परत लागत असेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. दिवा दिसला की चार गोष्टी लिहायच्या: गाडी गार होती की गरम, उभी होती की चढावर, पाऊस किंवा नुकतीच धुलाई झाली होती का, आणि शेवटचं पेट्रोल कधी भरलं. सीएनजी असेल तर तेव्हा कशावर चालू होती तेही. पंधरा दिवसांच्या नोंदी कुठल्याही स्कॅनरइतक्या बोलक्या असतात.

एक अपवाद. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर वही बाजूला ठेवा आणि पाय हलका करा. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन इतकं मिसिंग मारतंय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जळतं आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. खंबाटकी चढताना असं झालं तर घाट संपवून बघू म्हणायचं नाही. सुरक्षित जागा बघून थांबायचं. आणि लाल ऑइलचा दिवा किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर तो या लेखाचा विषयच नाही, इंजिन लगेच बंद.

कोड वाचा, पण उडवू नका

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारं ब्लूटूथचं छोटं उपकरण हजार रुपयांच्या आसपास मिळतं, आणि मोबाइलवर ॲप. आयफोन असेल तर घेण्याआधी ते त्याला जोडलं जातं ना हे विचारून घ्या. सगळ्यात स्वस्त नकला कधीकधी जोडल्याच जात नाहीत, मग माणूस गाडीलाच दोष देत बसतो.

आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यामुळे २०१३ नंतरची गाडी साध्या ॲपशी बोलते. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनरवालाच गाठावा लागतो. त्याच्याकडे गेलात तरी आधी सांगा, "दादा, आधी मला दाखवा, लगेच उडवू नका."

कारण कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' नावाची एक नोंद साठवलेली असते. कोड पक्का झाला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनचं तापमान किती, लोड किती. कोड उडवला की हे सगळं जातं. बॅटरीची वायर काढून लावली तरी बहुतेक गाड्यांत जातं. "बॅटरी काढून लावा, दिवा जाईल" हा सल्ला देणाऱ्याला दिवा घालवायचा असतो, दोष नाही. कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम, तिन्हींचे मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

माझ्या गाडीत कोड होता पी०१७१, म्हणजे 'सिस्टिम लीन': हवा जास्त, पेट्रोल कमी. फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम ७६०, इंजिन गरम. वहीशी तंतोतंत जुळत होतं.

पी०१३० ते पी०१४१ या पट्ट्यातला कोड दिसला तरी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघू नका, आणि पी०१७१ ला तर मुळीच नाही. सेन्सर साक्षीदार आहे. तो म्हणतोय की सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन जास्त दिसतोय. तो कुठून आला हे आपल्याला शोधायचंय.

स्वस्तातलं आधी

जुन्या गाडीत मी कुठल्याही कोडसाठी पहिला अर्धा तास या कामांना देतो.

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर फिरवताना १० च्या खाली जात असेल तर बॅटरी दमली आहे, आणि दमलेली बॅटरी ईसीयूला काहीही भास घडवते.

अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिनची अर्थ पट्टी गंजली आहे. सोडवून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट बसवा. कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे आधी करा. तिथे अर्धे 'सेन्सर गेले' या पट्टीत सापडतात.

उंदीर. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर बॉनेट उघडून आधी लेंड्या आणि कुरतडलेली वायर शोधा. इंजेक्टरच्या वायरिंगवरचं काळं आवरण त्यांना विशेष प्रिय. वरून वायर अखंड दिसते, खालच्या बाजूने तांबं उघडं असतं, म्हणून बोट फिरवून बघा.

पाणी. वॉशिंग सेंटरवाल्याने बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतलं आणि दोन दिवसांत दिवा आला, तर संबंधित सेन्सरचं कनेक्टर काढा. आत हिरवट बुरशीसारखं दिसलं की कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, परत लावताना 'टक्' आवाज ऐकू आला पाहिजे. लॉक तुटलेलं कनेक्टर खड्ड्यांच्या रस्त्यावर हमखास सुटं होतं.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. याबद्दल माझा जुना राग आहे. "काढून टाका, गाडी गरमच होणार नाही," म्हणून आपल्याकडे कित्येक गाड्यांचा थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. मग हायवेला, थंडीत तर नक्कीच, इंजिन ६५-७० अंशांच्या वर जातच नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतो आणि पी०१२८ येतो. ॲपवर कूलंटचं तापमान बघा. बहुतेक गाड्यांत वीस मिनिटांच्या सलग ड्राइव्हनंतर ते ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर हवं. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय काय 'काढून टाकलं' हे कधीच गृहीत धरू नका.

लाइव्ह डेटा: खरी मजा इथे

किल्ली 'ऑन' करा, इंजिन चालू करू नका. ॲपवर मॅप सेन्सरचा (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, म्हणून ९५ च्या आसपास. महाबळेश्वरला ८६-८७. पुण्यात बसून सेन्सर १०३ किंवा ८० दाखवत असेल तर तोच खोटं बोलतोय. फुकटात सेन्सर तपासला गेला. इंजिन चालू करून, गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता, उभ्या गाडीत) तो ३० ते ४० च्या दरम्यान यायला हवा.

आता दोन आकडे: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ईसीयूच्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, हे ते सांगतात. दोन्हींची बेरीज करायची. उणे १० ते अधिक १० पर्यंत काळजी नाही. अधिक २० च्या आसपास गेली की बहुतेक गाड्यांत लीनचा कोड येतो. उणे २० कडे गेली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त: गळका इंजेक्टर, किंवा इंजिन गार आहे असं सांगणारा तापमान सेन्सर.

ही बेरीज तीनदा लिहा. आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि चौथ्या गिअरमध्ये चढावर. शेवटचे आकडे शेजारी बसलेल्या माणसाने बघायचे, ड्रायव्हरने नव्हे.

आयडलिंगला जास्त आणि चढावर ठीक असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा येते आहे. आयडलिंगला ठीक आणि चढावर वाढत जात असेल, तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर तुंबलाय, पंप दमलाय किंवा इंजेक्टर चोंदलेत. अशा वेळी फ्युएल प्रेशर मोजून घ्या. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं, आणि घाटात जोर दिल्यावर पडू नये.

माझे आकडे: आयडलिंगला अधिक २१, २५०० ला अधिक ८, कात्रजच्या चढावर अधिक ५.

म्हणजे हवा. पण कुठली? इथे मी आठवडा वाया घालवला, तो तुमचा वाचावा. मला वाटलं इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणारी, नळी फाटली. सगळ्या व्हॅक्यूम नळ्या चाचपल्या, काही मिळालं नाही. नंतर लक्षात आलं की माझी गाडी मॅप सेन्सरवर चालते, हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरवर नाही. मास एअर फ्लोच्या गाडीत सेन्सर आणि इंजिनच्या मधली नळी फाटली की ती हवा मोजलीच जात नाही, आणि गाडी लीन होते. मॅपच्या गाडीत तीच हवा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वाढवते, ईसीयूला तो दिसतो, तो पेट्रोलही वाढवतो. मग ट्रिम फारशी चढत नाही, उलट आयडलिंग हजार-अकराशेला अडकून राहतं. माझं आयडलिंग तर ७६० ला घड्याळासारखं होतं.

इनटेकमधून हवा येत नसेल तर दुसरी जागा उरते: एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा मार्ग, तीही पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी. आयडलिंगला सायलेन्सरमध्ये दाब थोडा खालीवर होत राहतो, आणि बारीक फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तो ऑक्सिजन बघतो, ईसीयू घाबरून पेट्रोल वाढवतो. वेग वाढला की आतल्या धुरापुढे त्या हवेचं काही चालत नाही.

आणि मग आठवलं, थंडीत सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून 'चट चट चट' असा आवाज यायचा. पाच मिनिटांत बंद व्हायचा. मी त्याला टॅपेटचा आवाज समजत होतो. धातू गरम होऊन फुगायचा आणि फट जवळपास बुजायची, पूर्ण मात्र नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे, इंजिन पूर्ण गार आणि बंद हवं. कॉम्प्युटर साफ करायचा ब्लोअर असतो ना, तो सायलेन्सरच्या तोंडाशी कापड गुंडाळून बसवा आणि हळू चालवा. स्प्रेच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचं पाणी घेऊन इंजिन आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर मारा. माझ्याकडे तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या कोपऱ्यात फेस असा फुगायला लागला जणू कुणी आतून फुंकतंय. हीट शील्ड काढल्यावर तिथेच काजळीची बोटभर काळी रेघ दिसली. जोडातलं गॅस्केट जळलेलं, तो आवळणारा एक स्टड तुटलेला. गॅस्केट साडेतीनशे रुपयांचं. तुटका स्टड काढायची मजुरी त्याच्या चौपट, पण ती मी हसत दिली.

सेन्सर जिवंत आहे का हे आधीच बघता आलं असतं. इंजिन गरम असताना ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडायचा. साध्या प्रकारचा सेन्सर दाबताना ०.८ व्होल्टच्या वर जातो, सोडल्यावर ०.१ कडे येतो. इतकं चपळ वागणारा सेन्सर मेलेला नसतो.

एवढ्यात पेट्रोलचं काय?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाडीचा प्रत्येक दिवा त्याच्या माथी मारला जातो. हिशोब करून बघू. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १४.१ पट, २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे १० वरून २० वर गेल्यावर ईसीयूला ४-५ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ट्रिम तेवढी चढणारच. निरोगी गाडीत त्याने दिवा लागत नाही. पण गॅस्केट फुटून ट्रिम आधीच अधिक १६ ला असेल, तर हे चार टक्के शेवटची काडी ठरतात. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र वर्षातून एकदा वाकवून बघा. भेगा दिसल्या तर लगेच बदला, तिथे दिव्यापेक्षा आगीची भीती मोठी.

बाकीचे नेहमीचे पाहुणे

पी०३०१ ते पी०३०४: त्या-त्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पी०३०१ वरून पी०३०३ वर सरकला तर कॉइल दोषी. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. प्लग वायरवाल्या गाडीत रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, लांबूनच वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणगी नाचली की वायर फुटली. हात मात्र लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात. कशानेच कोड हलत नसेल तर कम्प्रेशन मोजा.

पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अशक्त. हा कोड मी सगळ्यात शेवटी मानतो, कारण प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असलेला तो भाग महाग आहे, आणि मिसफायर किंवा एक्झॉस्टची गळती आधी दुरुस्त न करता नवा बसवला तर तोही मरतो. कुणी "आतली जाळी ठोकून काढतो, पिकअप वाढेल" म्हणालं तर किल्ली परत मागा. पीयूसीला गाडी नापास होईल, आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकात जे जाईल ते वेगळंच.

पीयूसीवरून आठवलं: त्या पावतीवरचे आकडे फेकून देऊ नका. हायड्रोकार्बन एकदम वाढलं असेल तर कुठे तरी मिसफायर आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढलं असेल तर मिश्रण रिच. शंभर-दीडशे रुपयांत धुराची तपासणी झाली.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर निदानापुरतं आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ट्रिम नीट आणि सीएनजीवर बिघडत असेल तर गाडीचं काहीच बिघडलेलं नाही, किटचं ट्यूनिंग करून घ्या. सीएनजी फिल्टर आणि इंजेक्टरची सफाई किटवाल्याकडेच.

आता उडवा कोड

दुरुस्ती झाल्यावर कोड उडवायचा, आणि लगेच पेढे वाटायचे नाहीत. गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी चालू करून दोन-तीन मिनिटं आयडलिंग, मग थोडी शहरातून, मग मोकळ्या रस्त्याला ६० ते ८० च्या स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटं, आणि दोन-तीनदा ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग उतरू द्या. ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' बघा. गाडीला लागू असलेले सगळे पूर्ण झाले म्हणजे ईसीयूने सगळ्या चाचण्या परत घेतल्या. हे होण्याआधी दिवा बंद असण्याला काही अर्थ नाही. जुनी गाडी विकत घेताना मॉनिटर 'अपूर्ण' दिसले, तर विकणाऱ्याने कालच कोड उडवलाय असं समजा.

पहिल्या दोन आठवड्यांत दर तीन-चार दिवसांनी पेंडिंग कोड बघा. दोष परत येत असेल तर दिव्याच्या एक फेरी आधीच तिथे दिसतो.

गॅस्केट बदलल्यावर माझी आयडलिंगची बेरीज अधिक २१ वरून अधिक ५ वर आली. सकाळचा चट चट आवाज गेला. गेल्या पावसाळ्यापासून दिवा लागलेला नाही. गॅरेजवाल्याकडून मागून घेतलेला तो 'गेलेला' ऑक्सिजन सेन्सर अजून डिकीत, जॅकच्या शेजारी कापडात गुंडाळून ठेवलाय. परवा सहज परत लावून पाहिला. ॲक्सिलरेटर दाबला तर ०.८५, सोडला तर ०.१.